पिंपळ रात्री ऑक्सिजन सोडत नाही

फोंड्याकडच्या आमच्या गावात देवळासमोर पिंपळाचा पार आहे. दिवेलागणीनंतर तिथं बसलेलं कुणीतरी हमखास सांगतं, 'हे झाड चोवीस तास ऑक्सिजन देतं हो!' व्हॉट्सॲपवरही हेच फिरतं. पिंपळावर माझाही जीव आहे, पण हे खरं नाही.

पानातल्या पेशींमध्ये हरितलवकं, म्हणजे प्रकाशावर अन्न बनवणारे हिरवे कण असतात. तिथं पाण्याचा रेणू फुटतो, तेव्हा ऑक्सिजन सुटतो. आणि तो फोडायला प्रकाशच लागतो. हा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नसून पाण्यातला असतो, हे रुबेन आणि केमेन या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचाच थोडा वजनदार प्रकार) वापरून दाखवलं. तळीतल्या हायड्रिलाची ताजी डहाळी पाण्याच्या ग्लासात उलटी बुडवून उन्हात ठेवा. कापलेल्या देठातून बारीक बुडबुड्यांची माळ वर येते. ग्लासावर काळं फडकं टाका, थोड्या वेळात माळ तुटते.

गोंधळ बहुधा अननसासारख्या झाडांमुळे झाला असावा. आपल्या कुळागरातला, म्हणजे सुपारीच्या बागेतला अननस रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतो, मॅलिक आम्लाच्या रूपात पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पोकळीत साठवतो आणि दिवसा वापरतो. म्हणजे रात्री फक्त घेणं होतं. ऑक्सिजन तयार होतो तो उजाडल्यावरच.

रात्री खोलीतलं झाड कार्बन डायऑक्साइड सोडून अपाय करतं, ही उलट बाजूची भीतीही सोडा. झाडाच्या पेशी रात्रंदिवस श्वसन करतात हे खरं, पण शेजारी झोपलेला माणूस कुंडीतल्या रोपापेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. खोलीतली तुळस रात्री बाहेर काढायची काहीच गरज नाही.