जॅझ श्रवण

जॅझ श्रवण : जॅझचे ध्वनिमुद्रण किंवा मैफल ऐकताना रचनेचा साचा मनात चालू ठेवून वादक त्यावर काय घडवतो ते टिपण्याची रीत. जॅझमध्ये गाणे बहुतेक वेळा निमित्तमात्र असते. खरे ऐकायचे ते त्या दिवशी त्या वादकांनी केलेले वादन. म्हणून जाणत्या रसिकांच्या गप्पांत दोन प्रश्न हमखास येतात. वादक साच्यात नेमका कुठे होता? आणि हे मुद्रण कुणाचे, कधीचे, कितवा टेक (एकाच रचनेच्या मुद्रणाचा कितवा प्रयत्न)? पहिल्याला कान लागतो, दुसऱ्याला नोंदी. यातले एकच जमले तर ऐकणे अर्धवट राहते.

साचा आणि मोजणी : स्विंग (1930च्या दशकातली नाचाची जॅझ शैली) आणि बीबॉप (1940च्या दशकातली द्रुत, गुंतागुंतीची शैली) यांतल्या बहुतेक वादनांचा क्रम ठरलेला असतो. आधी मूळ चाल म्हणजे हेड, मग एकेकाचे सोलो म्हणजे एकट्याचे उत्स्फूर्त वादन, शेवटी पुन्हा हेड. सोलो सुरू झाला की चाल ऐकू येईनाशी होते, पण तिची लांबी आणि तिच्याखालची कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांची) मालिका तशीच फिरत राहते. या मालिकेला चेंजेस म्हणतात आणि तिच्या एका पूर्ण आवर्तनाला कोरस.

दोन साचे कानात बसले की बरेचसे जॅझ उलगडू लागते. ब्लूज 12 बारचा असतो. बारात 4 मात्रा, म्हणजे आवर्तन 48 मात्रांचे. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत ते 24 सेकंदांत संपते. पाचव्या बारला कॉर्ड ठळकपणे बदलते, सातव्याला मूळ जागी परत येते आणि नवव्यापासून शेवटाकडची ओढ सुरू होते. दुसरा साचा 32 बारचा. त्यात 8 बारचे चार भाग ए-ए-बी-ए अशा क्रमाने येतात आणि मधल्या बी भागाला ब्रिज म्हणतात. मोजताना प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला बारचा क्रमांक म्हणावा : एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. आठ झाले की एक बोट दुमडावे. सुरुवात हेडपासूनच करावी, कारण तिथे चालच जागा दाखवते. सोलोच्या मध्यातून मोजणी पकडणे नवख्याला जड जाते.

मोजणी चुकण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. ए-ए-बी-ए मध्ये एका कोरसचा शेवटचा ए आणि पुढच्याचे पहिले दोन ए मिळून 24 बार जवळजवळ सारखेच जातात, आणि आपण कितव्या ए मध्ये आहोत हे कळेनासे होते. अशा वेळी अंदाज बांधत बसू नये. ब्रिज येईपर्यंत थांबावे आणि तिथून जागा पक्की करावी. दुसरा चकवा ड्रमरचा. भाग संपताना तो भरगच्च तुकडा वाजवतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की नवा कोरस लागला. प्रत्यक्षात तो आठ बारचाच शेवट असतो. चांगले सोलोवादक तर मुद्दाम आपले वाक्य या रेषेपलीकडे नेतात, म्हणून मोजणीचा आधार सोलोवादकावर ठेवू नये. तो बासवर, म्हणजे खर्ज सूर देणाऱ्या मोठ्या तंतुवाद्यावर ठेवावा. वॉकिंग बास दर मात्रेला एक सूर देतो, आणि कॉर्ड बदलली की बहुधा तिचा मूळ स्वर पहिल्या मात्रेवर ठेवतो. डबल बासची सर्वांत खालची तार सुमारे 41 हर्ट्झची असते. मोबाइलच्या लहान स्पीकरमधून तो सूर नीट येत नाही. अनेकांना साचा सापडत नाही त्याचे कारण इतके साधे असू शकते. हेडफोन लावावेत.

संथ गाण्यात ड्रमर अचानक दुप्पट लयीचा भास निर्माण करतो, पण कॉर्ड पूर्वीच्याच गतीने सरकत असतात. तिथे जुनी मोजणी सोडली की सगळे हुकते. अतिद्रुत लयीत उलटे करावे : दोन मात्रांना एक धरून मोजावे.

सोलोंनंतर पुष्कळदा ड्रमरबरोबर चार-चार बारची देवाणघेवाण होते, तिला ट्रेडिंग फोर्स म्हणतात. 32 बारमध्ये असे आठ तुकडे बसतात, त्यामुळे प्रत्येक कोरस सोलोवादकापासूनच सुरू होतो. ब्लूजमध्ये मात्र तीनच तुकडे असतात : पहिल्या कोरसमध्ये वादक-ड्रम-वादक, दुसऱ्यात ड्रम-वादक-ड्रम. ड्रमच्या तुकड्यांतही आवर्तन चालूच असते, म्हणून मोजत राहावे.

जवळून पाहण्याजोगा नमुना म्हणजे टेनर सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सने 11 ऑक्टोबर 1939 रोजी न्यूयॉर्कमध्ये केलेले ‘बॉडी अँड सोल’चे मुद्रण. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीत मावणारे, तीन मिनिटांच्या आसपासचे. पियानोचे चार बार होतात आणि हॉकिन्स लगेच सुरू करतो. मूळ चाल पहिल्या काही बारांत ओळखू येते, पुढे ती जवळजवळ नाहीशी होते आणि शेवटीही परत येत नाही. 32 बारचे दोन कोरस संपले की गाणे संपले. मोजायला ते सोपे आहे, कारण ब्रिजची पट्टी डी फ्लॅटवरून अर्ध्या स्वराने वर, डी वर जाते आणि रंग पालटल्याचे अशिक्षित कानालाही जाणवते. दुसऱ्या कोरसमध्ये मागे इतर वाद्यांचे लांब सूर भरतात, हॉकिन्सचा सूर जड होत जातो आणि तो वरच्या सप्तकाकडे चढतो. चाल लपवूनही गाणे उभे राहते, हे याहून स्पष्ट कुठे ऐकायला मिळणे कठीण.

उसने चेंजेस : जुन्या गाण्याच्या चेंजेसवर नवी चाल बांधण्याची रीत बीबॉपमध्ये फोफावली. संगीतकार जॉर्ज गर्श्विनच्या 1930 सालच्या ‘आय गॉट रिदम’वर अशा इतक्या चाली झाल्या की त्या मालिकेला ‘रिदम चेंजेस’ हेच नाव पडले; सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सची ‘ओलिओ’ त्यातलीच. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचे ‘को-को’ (26 नोव्हेंबर 1945) ‘चेरोकी’ या जुन्या गाण्याच्या 64 बारच्या साच्यावर आहे. त्याचा एक अर्धवट टेक उपलब्ध आहे : वादक ‘चेरोकी’ची मूळ चाल वाजवू लागतात आणि थांबवले जातात. तो आधी ऐकून मग पूर्ण टेक लावला, तर पार्करच्या दोन कोरसखाली काय फिरते आहे ते पकडता येते.

नोंदी, टेक आणि आवृत्त्या : नोंद ठेवताना तारीख, ठिकाण, वादक, मॅट्रिक्स क्रमांक (कंपनीने त्या मुद्रणाला दिलेला क्रमांक) आणि टेक एवढे तरी असावे. ही शिस्त जुनी आहे. पॅरिसच्या शार्ल दलोने याची ‘हॉट डिस्कोग्राफी’ ही जॅझ मुद्रणांची सूची 1936 मध्येच निघाली. पुढच्या सीडी-आवृत्त्यांत पर्यायी टेक कधी मूळ टेकला लागूनच घातले गेले. एकच हेड सलग तीनदा ऐकल्यावर कान शिणतो. आधी मूळ एलपीच्या (लांब वाजणाऱ्या तबकडीच्या) क्रमाने ऐकावे, टेकची तुलना वेगळ्या बैठकीत करावी. तुलनेत हेडकडे फारसे पाहू नये. सोलोची पहिली दोन वाक्ये ताडून पाहिली की काय ठरवलेले होते आणि काय तिथे सुचले ते कळते.

आवृत्तीमुळे सूरही बदलू शकतो. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचे ‘काइंड ऑफ ब्लू’ 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959 रोजी मुद्रित झाले. पहिल्या दिवशी टेपयंत्र किंचित मंद चालले होते, त्यामुळे योग्य वेगाने वाजवल्यावर पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे थोडे चढे ऐकू येत. ही चूक 1992च्या आवृत्तीत सुधारली गेली. जुन्या प्रतीबरोबर वाद्य जुळवून वाजवू पाहणाऱ्याला सूर जुळत नाही, तो यामुळे. वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टनच्या 1956च्या न्यूपोर्ट मैफिलीत पॉल गोन्साल्व्हिसने ब्लूजचे 27 कोरस वाजवले, पण कोलंबिया या मुद्रण कंपनीच्या ऐवजी व्हॉइस ऑफ अमेरिका या नभोवाणीच्या माइकसमोर उभे राहून. एलपीवर त्याचा सॅक्सोफोन दूरचा वाटतो. दोन्ही मुद्रणे जुळवून 1999 मध्ये निघालेली आवृत्तीच घ्यावी.

वादक ओळखणे : नाव न सांगता तबकडी लावून वादक ओळखायला लावणारी ‘ब्लाइंडफोल्ड टेस्ट’ समीक्षक लेनर्ड फेदरने 1946 मध्ये ‘मेट्रोनोम’ मासिकात सुरू केली, पुढे ती ‘डाउनबीट’मध्ये गेली. ओळख पटते ती सुराच्या कंपावरून, सुरुवातीच्या आघातावरून आणि मात्रेच्या आगेमागे असण्यावरून. सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन मात्रेच्या जरा मागे रेंगाळतो. माइल्स डेव्हिस हार्मन म्यूटची (ट्रंपेटच्या तोंडात बसवून आवाज दबवणाऱ्या साधनाची) मधली नळी काढून माइकच्या अगदी जवळ वाजवतो. सरावासाठी नायकाऐवजी साथीदाराचा माग काढणे अधिक फलदायी ठरते. बासवादक पॉल चेंबर्सच धरला तर ‘ब्लू ट्रेन’, ‘कूल स्ट्रटिन’, ‘काइंड ऑफ ब्लू’ आणि ‘जायंट स्टेप्स’ एका धाग्यात येतात.

मोजणी लागू न पडणारे जॅझ : सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या ‘फ्री जॅझ’मध्ये (21 डिसेंबर 1960) ठरलेले चेंजेस नाहीत, त्यामुळे बोटे दुमडून हाती काही लागत नाही. तिथे कोण कुणाला उत्तर देतो ते ऐकावे. चार-चार वादकांचे दोन संच स्टीरिओच्या दोन बाजूंना ठेवलेले आहेत : डावीकडे कोलमन, डॉन चेरी, स्कॉट लफॅरो, बिली हिगिन्स, उजवीकडे एरिक डॉल्फी, फ्रेडी हबर्ड, चार्ली हेडन, एड ब्लॅकवेल. सुमारे 37 मिनिटांचे हे वादन आधी फक्त डाव्या, मग फक्त उजव्या बाजूने ऐकावे आणि त्यानंतर दोन्ही एकत्र.