खानदेशातील वस्त्रव्यवसाय

तापी, गिरणा व पांझरा यांच्या काठच्या काळ्या जमिनीतील कापसावर वाढलेला विणकाम व रंगकामाचा व्यवसाय. राजवटी बदलल्या तसे येथील कापडाचे पोत आणि गिऱ्हाईकही बदलले. येथील फारुकी सुलतानांच्या काळात (सु. १३८२–१६०१) बऱ्हाणपूर त्याचे केंद्र बनले, ते आज मध्य प्रदेशात असले, तरी या विषयातून त्याला वगळता येत नाही.

अकबराने १६०१ मध्ये बऱ्हाणपूरजवळचा असीरगड किल्ला घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. त्याच्या राज्यकारभाराची माहिती देणाऱ्या ‘आईन-इ-अकबरी’ या फारसी ग्रंथात धरणगावच्या (जि. जळगाव) ‘सिरीसाफ’ व ‘भिरौन’ या कापडांचा उल्लेख येतो. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नसल्याने या नावांचे वाचन सर्वस्वी निश्चित मानता येत नाही. तथापि ‘साफ’ या पदावरून पहिले कापड स्वच्छ, तलम मलमल असावे, हा तर्क अधिक पटतो. सतराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने बऱ्हाणपूरची पारदर्शक मलमल इराण, तुर्कस्तान, पोलंड, कैरोपर्यंत जात असल्याचे नोंदवले आहे. तिच्या पदरावर सोन्याचांदीच्या तारांची व रेशमाची फुले अशी विणलेली असत, की उलटसुलट बाजू ओळखू येऊ नये.

इंग्रजांची वखार धरणगावात १६७४ च्या सुमारास होती. लगेच १६७५ व पुन्हा १६७९ मध्ये मराठ्यांनी हे गाव लुटले. या तलम कापडाच्या ऱ्हासाचा दोष केवळ विलायती गिरण्यांना दिला जातो. परंतु मोगल दरबाराचा आश्रय आटणे व सुरत बंदराची वाट असुरक्षित होणे ही कारणे त्याआधीची दिसतात.

जाडेभरडे कापड मात्र टिकले. फैजपूरचे (जि. जळगाव) रंगारी लाल व गडद निळ्या रंगासाठी प्रसिद्ध होते. लाल रंग आल या झाडाच्या मुळांपासून मिळे. कापड आधी हिरडा व तुरटीच्या पाण्यातून काढल्याशिवाय तो पक्का बसत नसे. १८६९ नंतर बाजारात आलेल्या ॲलिझरीन या कृत्रिम लाल रंगाने आलीची लागवड मागे पडली.

इंग्रजी अंमलात (१८१८ पासून) कापडाऐवजी कच्चा कापूस बाहेर जाऊ लागला. अमेरिकन यादवी युद्धाने (१८६१–६५) त्याचे भाव चढले, रेल्वेने तो मुंबईस नेला. पुढे जळगाव, अमळनेर व धुळे येथे गिरण्या निघाल्या. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन, खादीच्या प्रदर्शनासह, याच रंगाऱ्यांच्या फैजपुरात भरले.