एकटीने सामुद्रधुनी, दोघांनी घाट

इशिकावा सायुरी या जपानी गायिकेचं नाव यूट्यूबवर टाकलं की दोन गाणी हटकून वर येतात: 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकि' (त्सुगारु सामुद्रधुनीचं हिवाळी दृश्य) आणि 'आमागी-गोए'. दोन्ही एन्का, म्हणजे विरहाची, दारूची, बंदरांची ती जुन्या वळणाची गाणी. दोन्हीकडे किमोनो, दोन्हींच्या नावात ठिकाण, आणि ते नाव कडव्याच्या अगदी शेवटी येतं. जपानी न येणाऱ्याने गोंधळायचं नाही तर काय करायचं! त्यात एनएचके या जपानी सरकारी वाहिनीच्या ३१ डिसेंबरच्या 'कोहाकु' या गाण्यांच्या कार्यक्रमात बाई २००७ पासून आलटूनपालटून हीच दोन गायच्या: एका वर्षी हे, पुढच्या वर्षी ते. नोतो भागात भूकंप झाला त्या २०२४ साली मात्र हा पाळीचा क्रम मोडून त्या 'नोतो हांतो' हे आपलं १९७७चं गाणं गायल्या.

शब्द कळत नसले तरी 'अनाता' एवढा ऐकू येतोच. अर्थ 'तू' किंवा 'तुम्ही', पण बायको नवऱ्याला हाक मारते तेव्हा तो थेट आपला 'अहो' होतो. हा अनाता दोन्ही गाण्यांत आहे. त्याच्या आगेमागे काय येतं, तिकडे कान द्यायचा.

'त्सुगारु'मध्ये येतं 'सायोनारा अनाता'. येते मी, घरी परत निघाले. हे गाणं १ जानेवारी १९७७ला आलं तेव्हा गायिका १९ वर्षांचीही नव्हती. शब्द आकु यू यांचे, चाल मिकी ताकाशी यांची. सुरुवात बघा: तोक्योच्या उएनो स्टेशनातून रात्रीची गाडी सुटली, आणि लगेच आओमोरी स्टेशन, बर्फात बुडालेलं. सबंध रात्रीचा प्रवास दोन ओळींत उरकला! उत्तरेकडे परतणारी माणसं गप्प, फक्त समुद्राची गाज. ही एकटी सामुद्रधुनीपलीकडच्या होक्काइदो बेटाच्या फेरीबोटीत चढते. शेजारचा कोणी अनोळखी बोट दाखवून सांगतो, ते बघा तप्पीचं टोक. वाफेने धुरकटलेली काच पुसून ती बघते, तर लांब नुसतं धूसर. भांडण कशावरून झालं, तो माणूस कसा होता, यातलं काही कळत नाही, आणि कळायची गरजही वाटत नाही. मला या दोघांत हेच गाणं जास्त घोटीव वाटतं.

'आमागी-गोए'त 'अनाता तो कोएताई'. तुमच्याबरोबर ओलांडायचंय. काय? तर इझु द्वीपकल्पातला आमागीचा घाट. 'गोए' म्हणजे ओलांडणं. हे १९८६चं, शब्द योशिओका ओसामु, संगीत गेन तेत्सुया. गायिका आता २८ वर्षांची, आणि गाणंही वयात आलेलं. पुरुषाच्या अंगाला दुसरीचा वास लागलाय, लपवून लपत नाही. मग ती विचारते: कुणी तुम्हाला पळवण्यापेक्षा मीच तुम्हाला मारलं तर चालेल का? जपानीत हे खरोखरच 'चालेल का'च्या अदबीने विचारलंय, आणि त्या अदबीनेच अंगावर काटा येतो. पुढे वळणावळणाची वाट, जोरेनचा धबधबा, वसाबीचे वाफे, कांतेन पूल, जुना बोगदा. (कांतेन म्हणजे आपलं चायना ग्रास, पण लिहिताना अक्षरं 'थंड आकाश' अशी पडतात.) शेवटी डोंगर पेटतो. परत येता आलं नाही तरी चालेल, म्हणते. त्सुगारुतली बाई परत निघालीय, हिला परतायचंच नाही.

गळ्याच्या अंगानेही फरक आहे. एन्काच्या सप्तकाला 'योनानुकी' म्हणतात: चौथा आणि सातवा स्वर वगळलेला. मध्यम-निषाद वर्ज्य, म्हणजे भूपच की! पण एन्का बहुतेकदा त्याच्या उदास भावंडात गातात, गंधार-धैवत कोमल करून. त्यावर 'कोबुशी' नावाच्या हरकती. 'त्सुगारु' निदान गुणगुणता येतं. 'आमागी-गोए' तर इशिकावाबाईंशिवाय कुणाला सहज जमू नये अशाच हिशेबाने बांधलेलं, आणि तरी कराओकेत लोक त्याच्यावरच तुटून पडतात. बेसबॉलपटू इचिरो २००८ साली अमेरिकेत फलंदाजीला उतरताना हेच वाजवायचा. प्रतिस्पर्ध्यासमोर जायला 'मारलं तर चालेल का'पेक्षा बरं काय मिळणार!

दोन्ही गाण्यांची स्मारकं त्या त्या ठिकाणी उभी आहेत. एक जोरेनच्या धबधब्यापाशी. दुसरं तप्पीच्या टोकावर. तिथे बटण दाबलं की गाणं एकदम दुसऱ्या कडव्यापासून सुरू होतं, कारण तप्पीचं नाव तिथे आहे. आओमोरी ते होक्काइदोतलं हाकोदाते हा फेरीचा प्रवास चार तासांच्या आतबाहेरचा होता. १९८८ साली समुद्राखालचा ५३.८५ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि रेल्वेची ती फेरी बंद पडली. आता शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, खालून जाते, आणि काच पुसली तरी भिंतच दिसते.