वेक-अप सिग्नल (मोबाईल नेटवर्क)

वेक-अप सिग्नल म्हणजे टॉवरनं झोपलेल्या मोबाईलला किंवा सिम घातलेल्या कुठल्याही यंत्राला मारलेली छोटीशी हाक. "उठ, तुझ्यासाठी काहीतरी आलंय" एवढंच ती सांगते, काय आलंय ते सांगत नाही. हाक आली नाही तर यंत्रानं पडूनच राहायचं. उद्देश एकच, बॅटरी वाचवणं.

हे कामून लागतं ते आपल्याकडच्या रात्रीच्या लाईटीवरून लगेच समजतं. थ्री फेज रात्री येणार हे माहीत असतंय पण भरवसा नसतो, मग आखाड्यावर झोपलेला माणूस तासातासाला उठून बॅटरी घेऊन स्टार्टरपाशी जातो, लाईट नाही, परत येऊन पडतो, पुन्हा उठतो, पाणी द्यायच्या आधीच त्याची रात्र जागरणात जाते. डोकं चालवणारा माणूस पंपाच्या लायनीवर एक बल्ब लावून बटण चालूच ठेवतो आणि झोपतो, लाईट आली की उजेड तोंडावर. पहिल्या माणसाची तऱ्हा म्हणजे नेटवर्कमधलं डीआरएक्स, ठरलेल्या वेळेला उठून बघायचं आणि परत झोपायचं, आणि बल्ब म्हणजे वेक-अप सिग्नल.

फोन खिशात गप पडलेला असला तरी त्याचा रेडिओ ठरलेल्या वेळेला उठून टॉवरचं पेजिंग ऐकतो, म्हणजे आपल्यासाठी कॉल, मेसेज, काही आलंय का ते बघतो. 4जी-5जी मध्ये ही पाळी साधारण 0.32 ते 2.56 सेकंदांनी येते. बहुतेक वेळा काहीच नसतं. बरं नुसतं ऐकायचं म्हणलं तरी आधी टॉवरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवावं लागतं, त्यात वेगळी वीज जाते. मोबाईलची मानकं ठरवणाऱ्या 3जीपीपी संस्थेनं 5जी साठी जो वीजखर्चाचा हिशोब धरलाय त्यात गाढ झोपेचा खर्च 1 मानला तर नुसतं कंट्रोल चॅनल, म्हणजे टॉवरच्या सूचना, ऐकण्याचा 100 आणि डेटासकट ऐकण्याचा 300 येतो, शिवाय गाढ झोपेत जायचं आणि परत यायचं म्हणलं की तेवढ्यासाठी 20 मिलीसेकंद आणि वेगळी ऊर्जा. म्हणजे खरं नुकसान काम करण्यात नाही, काम आहे का म्हणून विचारत बसण्यात आहे.

आधीचे उपाय झोप लांबवण्याचे होते. 3जीपीपी आपली मानकं आवृत्तीआवृत्तीनं काढते, तिला रिलीज म्हणतात. रिलीज 12 मध्ये पीएसएम आलं, यात यंत्र इतकं गाढ झोपतं की ते स्वतः उठेपर्यंत टॉवरला त्याला गाठताच येत नाही. रिलीज 13 मध्ये ईडीआरएक्स, म्हणजे लांबवलेलं डीआरएक्स आलं, त्यात एनबी-आयओटी (मीटर-सेन्सरसारख्या थोडाच डेटा लागणाऱ्या यंत्रांचं मोबाईल नेटवर्क) यंत्राच्या दोन पाळ्यांमधलं अंतर जवळपास 3 तासांपर्यंत नेता येतं. पाण्याचं मीटर रोज एकदा रीडिंग पाठवत असेल तर हे झकास. पण जालन्याकडच्या मोसंबीच्या बागेत ठिबकचा व्हॉल्व्ह सेलवर चालणारा आहे आणि घरून फोनवर बटण दाबून तो उघडायचाय असं समजा, तर 3 तास थांबून कसं जमणार, तोवर लाईट जायची. मोटारीच्या मोबाईल स्टार्टरला ही अडचण नसते कारण तो पेटीतच थेट लाईटीवर असतो, त्याला झोपायची गरजच नाही. सगळं दुखणं सेलवरच्या यंत्रांचं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. पहिल्या प्रकारात हाक पाळीच्या थोडं आधी येते. रिलीज 15 मध्ये एनबी-आयओटी आणि तसल्याच यंत्रांसाठीच्या एलटीई-एम साठी हेच आलं: पेजिंगच्या आधी एक सोपा, ओळखायला हलका सिग्नल, तो दिसला तरच पुढचं पेजिंग ऐकायचं, नाहीतर परत झोप. दोघांच्या मध्ये मुद्दाम अंतर ठेवतात, साध्या डीआरएक्समध्ये 40 ते 240 मिलीसेकंद, म्हणजे रेडिओला पूर्ण जागं व्हायला वेळ मिळतो. वीज वाचते, पण वाट बघणं तेवढंच राहतं, कारण हाकसुद्धा पाळीलाच येणार.

यात आणखी एक घोळ, तोच डीपीवाला. लाईट आली की त्या डीपीवरच्या सगळ्यांचे बल्ब लागतात, मग ज्याला आज पाणी द्यायचंच नाही तोही उठून बसतो. तसंच एका पेजिंग पाळीवर अनेक फोन असतात आणि एकाच्या हाकेनं सगळे जागे होतात. म्हणून रिलीज 16 मध्ये आयओटीसाठी गटवार हाक आली, आणि रिलीज 17 मध्ये 5जी फोनसाठी पेजिंगची पूर्वसूचना आली, तिच्यात एका पाळीवरच्या फोनांचे 8 पर्यंत उपगट करता येतात. चालू कनेक्शनमधल्या फोनला या पाळीत उठायचं की नाही हे सांगणारा सिग्नल 5जी मध्ये रिलीज 16 लाच आला होता.

दुसरा प्रकार खरा बल्बासारखा. यंत्रात मुख्य रेडिओशेजारी एक बारका, अगदी कमी विजेवर चालणारा रिसीव्हर बसवतात. मुख्य रेडिओ जवळपास बंदच, बारका तेवढा कान देऊन बसतो. गावात पूर्वी जागल्या असायचा, गाव झोपलं तरी तो जागा, त्यातलंच हे. सिग्नल आहे-नाही एवढंच ओळखायचं असल्यानं त्याची रचना साधी ठेवता येते. वाय-फायमध्ये हे 802.11बीए या मानकानं 2021 मध्ये आलं, तिथं रिसीव्हरचा खर्च 1 मिलीवॅटच्या आत ठेवायचं लक्ष्य होतं. 5जी साठी रिलीज 18 मध्ये अभ्यास झाला आणि रिलीज 19 मध्ये ते मानकात घेतलं. बॅटरीचा खर्च आणि उशीर दोन्ही एकदम कमी करायची सोय या प्रकारात आहे, व्हॉल्व्हवाल्याला हाच पाहिजे.

पण फुकट काहीच नसतंय. बारक्या रिसीव्हरचा कानही बारकाच, त्याला टॉवरपासून लांब मुख्य रेडिओइतकं ऐकू येत नाही, मग टॉवरला हाक लांबवावी लागते आणि तेवढी जागा दुसऱ्याच्या डेटातून जाते. हाक चुकली तर पेजिंगही चुकतं. शिवाय फोन हातात घेऊन माणूस फिरतो, तेव्हा शेजारच्या टॉवरचा सिग्नल मोजत राहावं लागतं, आणि त्यासाठी मुख्य रेडिओ उठलाच तर सगळी बचत तिथंच संपली. म्हणून बारक्यासाठी घड्याळ जुळवायला वेगळा हलका सिंक सिग्नलही ठेवलाय.

आमच्या आखाड्यावर एकच कांडी येते, ती पण कधीमधी, आणि सकाळी भरलेली बॅटरी दिवस मावळायच्या आत निम्म्यावर. तिथं फोन हाक ऐकत नसतो, टॉवर हुडकत असतो, त्यावर वेक-अप सिग्नलचा काही इलाज नाही. सेटिंगमधल्या बॅटरी सेव्हरच्या बटणाशीही याचा संबंध नाही, ते बटण मुख्यतः ॲप आणि स्क्रीनला आवरतं. वेक-अप सिग्नल चालू-बंद करायला लोकांच्या हातात काहीच दिलेलं नाही, फोनच्या मोडेममध्ये आणि टॉवरवर दोन्हीकडं असला तरच तो चालतो.