घरगुती लॅमिनार फ्लो: हवा नेमकी बिघडते कुठे?

धिंगरी अळिंबीचं स्पॉन (बियाणं) असो की केळीचं ऊतिसंवर्धन (टिश्यू कल्चर), घात होतो तो बाटलीचं तोंड उघडं असतानाच्या पाच-दहा सेकंदांत. ट्रायकोडर्मा या हिरव्या बुरशीचा एक बीजाणू आत पडला की काही दिवसांत बाटली हिरवी. म्हणून हेपा या अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या फिल्टरमधून गाळलेली हवा सेकंदाला साधारण 0.45 मीटर वेगाने, एकाच दिशेने, भोवरे न होऊ देता कामाच्या जागेवरून वाहती ठेवायची; हाच लॅमिनार फ्लो. ही कल्पना 1960च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफिल्ड यांनी प्रत्यक्षात आणली.

हेपा 0.3 मायक्रॉनचे किमान 99.97 टक्के कण अडवतो. मोठे कण तंतूंवर आदळतात, फार बारीक कण भिरभिरत तंतूंना चिकटतात; अडवायला अवघड ते हे मधले. ट्रायकोडर्माचा बीजाणू तर तीन मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे धड फिल्टरमधून तो येणं कठीणच. तो शिरतो फिल्टरच्या कडेच्या फटीतून.

खरेदीत सर्वाधिक चुका ब्लोअरमध्ये होतात. दोन बाय दोन फुटांच्या फिल्टरला ताशी सुमारे 600 घनमीटर हवा लागते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन एवढी हवा मोकळ्यावर देतो, पण फिल्टरचा अडथळा आला की नुसता गरगरतो. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर घ्यावा, आणि खोक्यावर छापलेला आकडा न बघता दाब-प्रवाहाचा आलेख मागावा: 250 पास्कलला, म्हणजे एक इंच पाण्याच्या दाबाला, ताशी 600 घनमीटर मिळायला हवेत. वेग कमी करायला रेग्युलेटर मोटरच्या वॉटेजला पुरेल असा. पंख्याचा साधा तापतो.

पेटी 18 मिलिमीटर मरीन प्लायची, फिल्टरमागे किमान दीड फूट खोल. ब्लोअरचा झोत थेट फिल्टरवर आला तर मधे वारा, कोपऱ्यांत सामसूम. म्हणून तोंडासमोर प्लायचा आडोसा. ब्लोअर हवा शोषतो तिथे धुता येणारा जाड प्रीफिल्टर. मागच्या पेटीत दाब असल्यामुळे तिच्या भिंतीतली फट फक्त हवा वाया घालवते. फिल्टरची चौकट आणि पेटी यांच्यातली फट मात्र न गाळलेली हवा थेट तुमच्या हातांवर सोडते. तिथे फोमचं सलग गॅस्केट लावून चारही बाजूंनी सारखं दाबावं. फिल्टरच्या घड्यांच्या कागदाला बोट लावू नये.

खात्री बुरशीलाच करू द्यावी. त्यासाठी बुरशी वाढेल असं माध्यम करायचं: एक लिटर पाण्यात 200 ग्रॅम बटाट्याचा अर्क, 20 ग्रॅम डेक्स्ट्रोज, 15 ग्रॅम अगार. कुकरमध्ये 15 पौंड दाबाला 20 मिनिटं, मग झाकणाच्या निर्जंतुक प्लेटांमध्ये ओतायचं. यंत्र 20 मिनिटं चालवून फिल्टरसमोर मध्यभागी आणि चार कोपऱ्यांत एकेक प्लेट अर्धा तास उघडी ठेवा. एक खोलीतल्या टेबलावर, एक बंदच. मग सगळ्या सीलबंद करून आठवडाभर पाहा. एकाच कोपऱ्यात वसाहती उगवल्या तर तिथलं गॅस्केट सैल आहे. बंद प्लेटही बिघडली तर दोष निर्जंतुकीकरणाचा. टाकण्याआधी सगळ्या न उघडता पुन्हा कुकरमध्ये.

काम करताना हात बाटलीच्या पुढे, फिल्टरच्या बाजूला नेला की हातावरचेच जंतू आत जातात. 70 टक्के अल्कोहोल पुसून पूर्ण सुकल्याशिवाय ज्योत पेटवू नये. आणि ही हवा तुमच्याच तोंडावर येते, त्यामुळे रोगजंतू किंवा अनोळखी नमुने या यंत्रासमोर उघडायचेच नाहीत.