‘शुद्ध’ पाणी म्हणजे नेमकं कोणतं? नळाच्या पाण्याच्या राखणीची पार्श्वभूमी

शहराचं पिण्याचं पाणी राखायचे मार्ग मुळात दोन. घाण उगमापर्यंत पोचूच द्यायची नाही, हा एक. पोचलेली घाण जलशुद्धीकरण केंद्रात गाळायची आणि त्यातले जंतू मारायचे, हा दुसरा. दोन्ही हवेत हे आज कुणीही सांगेल. तरी गेल्या शतकात दुसऱ्याचं पारडं एवढं जड का झालं, हे समजून घ्यायचं तर 1908 सालच्या एका कज्ज्याकडे जावं लागतं.

त्याआधीचं थोडक्यात. पाणी लांबच्या झऱ्यांवरून आणायची रोमन रीत पहिल्या मार्गातलीच. 1804 मध्ये स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावात वाळूतून गाळलेलं पाणी विकलं जाऊ लागलं, 1829 मध्ये लंडनमधल्या एका कंपनीने तीच पद्धत मोठ्या प्रमाणावर आणली. तेव्हा हेतू गढूळपणा काढण्याचा होता. जंतूंची कल्पना कुणाला नव्हती. वाळू त्याहून पुष्कळ जास्त काम करते, हे 1892 मध्ये जर्मनीतल्या एल्ब नदीने दाखवून दिलं. हॅम्बुर्ग शहर या नदीचं पाणी न गाळता पीत होतं. शेजारचं अल्टोना प्रवाहाच्या खालच्या बाजूला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचं पाणी घेत होतं, पण वाळूतून गाळून. त्या वर्षीच्या कॉलऱ्यात हॅम्बुर्गमध्ये साडेआठ हजारांच्या आसपास माणसं गेली, अल्टोना बरंचसं वाचलं. काही ठिकाणी रस्त्याची एक बाजू एका शहराची, दुसरी दुसऱ्याची. साथीनेही तीच हद्द पाळली.

आता कज्जा. अमेरिकेतल्या जर्सी सिटीने 1899 मध्ये एका खासगी कंपनीशी धरण आणि जलवाहिनी बांधून घेण्याचा करार केला. पाणी ‘शुद्ध आणि आरोग्यास हितकर’ असावं, अशी अट त्यात होती. काम झालं, पाणी आलं, आणि शहर न्यायालयात गेलं. तक्रार अशी की वर्षातून दोन-तीनदा जोराचा पाऊस झाला की वरच्या गावांतलं सांडपाणी जलाशयात उतरतं. मग हे पाणी शुद्ध कसं? उपाय म्हणून वरच्या गावांची गटारं बांधा, खर्च कंपनीचा.

सगळा गुंता ‘शुद्ध’ या एका शब्दात होता. रसायनशास्त्राच्या अर्थाने शुद्ध पाणी कुठल्याही नदीत नसतं, आणि ते कुणी मागतही नव्हतं. शहराच्या लेखी शुद्ध म्हणजे ज्यात सांडपाणी मिसळलेलंच नाही असं. कंपनीच्या लेखी शुद्ध म्हणजे शहराच्या ताब्यात देताना ज्यात रोगजंतू नाहीत असं. एक अर्थ पाण्याचा इतिहास विचारतो, दुसरा फक्त नमुन्याची बाटली तपासतो. मराठीतही ही गफलत आहेच. ‘शुद्ध’, ‘स्वच्छ’, ‘निर्जंतुक’ आणि ‘पिण्यायोग्य’ हे चार शब्द आपण एकाच ओळीत बिनदिक्कत वापरतो. चौघांचे अर्थ वेगळे आहेत. नितळ दिसणारं पाणी जंतूंनी भरलेलं असू शकतं, आणि निर्जंतुक पाण्यात शिसं असू शकतं.

1908 मध्ये न्यायालयाने तक्रारीत तथ्य आहे असं मानलं, पण आदेशात एक फट ठेवली: गटारं बांधा किंवा दुसरी एखादी योजना वा उपकरण बसवा. त्या फटीतून क्लोरीन आला. कंपनीच्या सल्लागार डॉक्टरने शहराला न विचारता धरणाजवळ ब्लीचिंग पावडरचं द्रावण सोडायची यंत्रणा उभारली आणि 26 सप्टेंबर 1908 रोजी ती चालू केली. ही पावडर आपल्याकडे टीसीएल म्हणून ओळखली जाते. क्लोरीन त्याआधीही पाण्यात पडला होता. इंग्लंडमध्ये 1897 साली मेडस्टोनला आणि 1905 साली लिंकनला विषमज्वराच्या साथीत तो वापरला गेला, बेल्जियममधल्या एका छोट्या गावात तर 1902 पासून नियमित. पण एवढ्या मोठ्या शहराला रोजच्या रोज, साथ नसताना, आणि लोकांना न सांगता? खटल्याच्या दुसऱ्या फेरीत शहराच्या वकिलांनी ‘पाण्यात विष कालवलं’ या अंगाने भरपूर उलटतपासणी केली. 1910 मध्ये न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याने निष्कर्ष दिला तो कंपनीच्या बाजूने.

त्या निर्णयाने असंख्य जीव वाचले, यात वाद नाही. पुढच्या दहाएक वर्षांत शेकडो शहरांनी क्लोरीन घेतला आणि विषमज्वर झपाट्याने उतरला. मात्र गटारं बांधायची राहिली, ही बाजू सहसा कुणी सांगत नाही. पावडर स्वस्त होती, गटारं महाग. वरच्या गावाची घाण ही खालच्या गावाच्या केंद्राची डोकेदुखी, हा हिशेब तिथून पुढे अंगवळणी पडला.

त्याची किंमत दिल्लीत दिसली. 1955 च्या अखेरीस यमुनेचा प्रवाह सरकला आणि नाल्याचं सांडपाणी उलटं चढून पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आलं. केंद्रात क्लोरीन वाढवला गेला. त्याने जीवाणू मेले. विषमज्वर, हगवण यांत वाढ दिसली नाही. कावीळ मात्र सुमारे 29,000 जणांना झाली, कारण विषाणू त्या मात्रेला दाद देत नव्हता. तो आज हेपॅटायटिस ई म्हणून ओळखला जातो. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत क्रिप्टोस्पोरिडियम हा क्लोरीनला न जुमानणारा परजीवी केंद्रातून पार झाला. अंदाजे 4,03,000 लोक आजारी पडले.

मधल्या काळात क्लोरीनवरच संशय आला. 1974 मध्ये असं दाखवलं गेलं की पाण्यातल्या कुजक्या सेंद्रिय द्रव्याशी त्याचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगं तयार होतात. नेदरलँड्सने 2005 पर्यंत तो जवळपास सोडूनच दिला, पण त्याआधी भूजल, पाणी गाळणाऱ्या वाळूच्या टेकड्या आणि गळती नसलेल्या वाहिन्या यांवर दशकं घालवून. नुसतंच ‘क्लोरीन वाईट’ म्हणणारे हा अर्धा भाग गाळतात. जिथे पाणी दिवसातून काही तासच येतं, तिथे नळ बंद असताना दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. तिथे नळाशी लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम उरणारा क्लोरीन हाच शेवटचा पहारेकरी.

हा उरलेला क्लोरीन मोजायलाही माणूस लागतो. कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे 2000 मध्ये मुसळधार पावसाने शेणखतातले जंतू उथळ विहिरीत उतरले. चालकांनी क्लोरीन न मोजताच नोंदवहीत आकडे भरले होते. सात जण दगावले, दोन हजारांहून अधिक आजारी पडले. चौकशीनंतर 2006 मध्ये त्या प्रांताने कायदा केला आणि विहिरींभोवतीची जमीनही पाणीपुरवठ्याच्या राखणीत आणली. थोडक्यात, जर्सी सिटीची मूळ मागणी.

न्यूयॉर्कने ती 1997 मध्येच मानली होती. अब्जावधी डॉलरचं गाळणी केंद्र टाळून त्याने पाणलोटातली जमीन विकत घ्यायला आणि वरच्या शेतकऱ्यांशी करार करायला सुरुवात केली. डोंगरातलं ते पाणी आजही न गाळता शहरात येतं. मात्र त्यात क्लोरीन पडतोच, आणि गेल्या दशकापासून ते जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांखालूनही जातं.