पावलीपासून पस्तीस डॉलरपर्यंत : डिस्नेलँडच्या वाहनतळाची पार्श्वभूमी

१७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम गावात डिस्नेलँड सुरू झालं, तेव्हा तिथे गाडी लावायचे २५ सेंट पडत. अमेरिकेत या नाण्याला क्वार्टर म्हणतात. आपल्या जुन्या हिशेबात पावली, म्हणजे चार आणे. मोठ्या माणसाला प्रवेश एक डॉलर, लहानांना अर्धा. २०२४ साली त्याच ठिकाणी साधी मोटार दिवसभर उभी करायला ३५ डॉलर मोजावे लागत होते. सत्तर वर्षांत सगळंच महागलं, हे खरं. पण नुसती महागाई धरली तर त्या पावलीचे आज जेमतेम तीन डॉलर होतात. गाडी लावण्याचा २०२४ चा दर त्याच्या जवळजवळ बारापट होता.

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या आईवडिलांना हा आकडा हमखास खटकतो. तिकिटं आधीच ऑनलाइन काढलेली असतात, त्यामुळे ती रक्कम पोटात गेलेली असते. बाहेरचं खाणं आत नेता येतं म्हणून पहाटे उठून दशम्या आणि बटाट्याची भाजी बांधलेली असते. आणि मग प्रवेशद्वार दिसायच्या आधीच, टोलनाक्यासारख्या खिडकीशी गाडी थांबते. बाबा मनातल्या मनात गुणाकार करतात. तीन हजार रुपयांच्या आसपास! नुसती गाडी उभी करायचे? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण तिथे कुणाला ना कुणाला आठवतेच.

पण हा मसाला कुणा लोभी मॅनेजरने परवा अचानक शोधून काढलेला नाही. माणूस दारापर्यंत कसा पोहोचतो आणि त्या वाटेवर पैसे कोण घेतो, हा प्रश्न या धंद्यात पहिल्यापासून आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या ट्राम आल्या. सोमवार ते शनिवार त्या कामगारांनी भरलेल्या असत आणि रविवारी रिकाम्या धावत. ट्राम कंपन्यांनी त्यावर उपाय काढला : मार्गाच्या शेवटच्या टोकाला बाग करायची, तळं, नाचघर, झोपाळे, पुढे पाळणे. बागेत शिरायला बहुधा पैसे नसत, कारण ते ट्रामच्या भाड्यात वसूल होत. पिट्सबर्गजवळचं केनीवुड असंच १८९८ साली मोनोंगहेला स्ट्रीट रेल्वेने उभं केलं, आणि ते आजही चालू आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला १९२० मध्ये भुयारी रेल्वे थेट पोहोचली. पाच सेंटच्या नाण्यात समुद्रकिनारा गाठता येऊ लागला आणि लाखोंची गर्दी लोटू लागली.

मुंबईकराला हे नवीन वाटायचं कारण नाही. गोराईच्या एस्सेलवर्ल्डला जायचं म्हणजे आधी मार्वे किंवा गोराईच्या जेट्टीवर रांग लावावी लागे आणि होडीने खाडी ओलांडावी लागे. ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात गेलं, त्यांची सहल त्या होडीतच सुरू झालेली असते.

मोटारी आल्या आणि अमेरिकेतली ट्रामची सद्दी संपली. तिच्याबरोबर टोकाच्या बहुतेक बागाही गेल्या. डिस्नेलँड हे मोटारीच्या युगाचं अपत्य. जागा शोधण्याचं काम वॉल्ट डिस्ने यांनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला दिलं होतं आणि तिथल्या हॅरिसन प्राइस यांनी ॲनाहाइमच्या संत्र्याच्या बागांवर बोट ठेवलं. मोठं कारण म्हणजे सांता ॲना फ्रीवे. लॉस एंजेलिसहून येणारा हा द्रुतगती मार्ग तेव्हा बांधला जात होता. १६० एकर जमीन घेतली गेली, आणि त्यातला मोठा तुकडा, सुमारे शंभर एकर, निव्वळ गाड्या लावण्यासाठी राखला. बारा हजारांवर गाड्या मावतील एवढं डांबराचं मैदान. म्हणजे राजवाडा, जंगल, नदी आणि आगगाडी मिळून जेवढी जागा लागली, त्याहून जास्त वाहनतळाने खाल्ली. उद्घाटनाच्या दिवशी फ्रीवेवर मैलोन्‌मैल रांग लागली होती आणि आतलं ताजं डांबर उन्हाने इतकं मऊ झालं होतं की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतत होत्या.

त्या काळी पार्किंगची पावली ही कमाई नव्हे, नाममात्र रक्कम होती. खरी कमाई आत. प्रत्येक खेळाचं वेगळं तिकीट, अगदी आपल्या जत्रेतल्या पाळण्यांसारखं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिकिटांची पुस्तिका आली : प्रवेश आणि आठ खेळ मिळून अडीच डॉलर. खेळांना ए, बी, सी अशा श्रेणी होत्या, पुढे त्या वाढत गेल्या आणि १९५९ मध्ये सर्वांत भारी खेळांसाठी ‘ई’ तिकीट निघालं. अमेरिकन इंग्रजीत आजही एखाद्या गोष्टीची कमाल सांगायला ‘ई-तिकीट’ म्हणतात.

पण वॉल्ट डिस्ने यांना सलत होती ती कुंपणाबाहेरची गोष्ट. पैसा संपल्यामुळे आजूबाजूची जमीन घेता आली नव्हती. समोरच्या हार्बर बुलेव्हार्ड या रस्त्यावर बघता बघता मोटेलं उभी राहिली, आणि डिस्नेलँडने खेचून आणलेल्या गर्दीवर शेजारी गब्बर झाले. फ्लोरिडात ही चूक सुधारायची म्हणून तिथे गाजावाजा न करता, वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या काढून सुमारे २७ हजार एकर जमीन गोळा करण्यात आली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी तिथलं मॅजिक किंग्डम हे उद्यान उघडलं. तेव्हा वॉल्ट जाऊन जवळपास पाच वर्षं झाली होती. वाहनतळ मुद्दाम लांब, मध्ये मोठं कृत्रिम तळं, आणि तिथून पुढे मोनोरेल किंवा बोट. ‘जगापासून दूर आल्याचा’ अनुभव देण्यासाठी हे केलं, असं सांगतात आणि ते खोटंही नाही. पण त्याचा दुसरा परिणामही पाहण्यासारखा आहे. ॲनाहाइममध्ये समोरच्या मोटेलात उतरून चालत जाता येतं. फ्लोरिडात स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्याला कंपनीच्या मैदानाशिवाय पर्याय नाही. सुरुवातीला तिथे गाडीचे पन्नास सेंट होते. पुढे दर किती करायचा, हे ठरवायला शेजारी स्पर्धकच उरला नव्हता.

मधल्या काळात एक बदल झाला. टेक्सासमध्ये अँगस विन यांनी १९६१ साली ‘सिक्स फ्लॅग्ज ओव्हर टेक्सास’ हे उद्यान काढलं आणि दारावर एकदाच पैसे घेऊन आत सगळे खेळ मोकळे केले. हळूहळू सगळ्यांनी हाच कित्ता गिरवला, १९८२ मध्ये डिस्नेनेही पुस्तिका बंद केल्या. ग्राहकाला हे सोयीचं, पण कंपनीच्या हातात आता एकच ठळक किंमत उरली. ती वाढवली की वर्तमानपत्रात बातमी. १९८४ मध्ये डिस्नेच्या प्रमुखपदी मायकल आयझनर आले, त्यांनी प्रवेशाचे दर झपाट्याने चढवले आणि गर्दी ओसरत नाही हे दाखवून दिलं. तरीही ठळक किमतीला मर्यादा असतेच. मग बाकीची वाढ बारीक अक्षरांत जाऊ लागली, आणि पार्किंगसारखी सोयीची बारीक अक्षरं दुसरी नाहीत. दर माणशी नसून गाडीमागे असतो, त्यामुळे पाचजणांत वाटला की कमी भासतो. शिवाय तो भरायची वेळ येते तेव्हा मागच्या सीटवरची पोरं उड्या मारत असतात. तिथून गाडी मागे वळवणारा बाप अजून जन्माला यायचाय.

आता ॲनाहाइमच्या त्या मैदानाकडे परत येऊ, कारण या इतिहासातला सर्वांत खमंग भाग तिथे आहे.

नव्वदच्या दशकात डिस्नेला जुन्या वाहनतळाच्या जागेवर दुसरं उद्यान बांधायचं होतं. ते फेब्रुवारी २००१ मध्ये ‘कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर’ या नावाने उघडलं. मग गाड्या कुठे जाणार? उत्तर होतं बहुमजली इमारत. ॲनाहाइम शहराने १९९७ मध्ये या परिसराच्या विकासासाठी सुमारे ५१ कोटी डॉलरचे रोखे काढले. त्यातून रस्ते रुंद झाले, विजेच्या तारा जमिनीखाली गेल्या, झाडं लागली आणि सुमारे १०.८ कोटी डॉलर खर्चून दहा हजारांवर गाड्यांचा ‘मिकी अँड फ्रेंड्स’ वाहनतळ उभा राहिला. तो २००० मध्ये सुरू झाला. मजल्यांना डेझी, डोनाल्ड, गूफी, मिनी अशी नावं. रात्री दमलेली माणसं ‘आपली गाडी गूफीला की डोनाल्डला’ यावरून वाद घालत तिथे फिरताना दिसतात.

ही इमारत शहराच्या पैशातून बांधलेली. ती डिस्नेला भाड्याने दिली गेली आणि भाडं ठरलं वर्षाला एक डॉलर. पार्किंगची वसुली मात्र सगळी कंपनीची. वाहनतळ रोज निम्माच भरतो असं धरलं आणि २०२४ चा दर लावला, तरी दिवसाला पावणेदोन लाख डॉलरांहून जास्त होतात. वार्षिक पासवाल्यांना सवलत असते म्हणून त्यातून काही वजा करा. तरीही वर्षाचं भाडं पहिल्या गाडीचा पुढचा टायर आत येताच फिटतं.

शहराची बाजूही आहे. रोख्यांची परतफेड मुख्यतः या भागातल्या हॉटेलांच्या आणि विक्रीच्या करातून व्हायची होती, आणि नवं उद्यान आल्यावर तो कर वाढला. पण हा व्यवहार सामान्य लोकांच्या नजरेत आला तो सप्टेंबर २०१७ मध्ये, लॉस एंजेलिस टाइम्सने सविस्तर छापल्यावर. त्यानंतर जे झालं त्याला पोरकटपणा म्हणायला हरकत नाही : डिस्नेने त्या वर्तमानपत्राच्या समीक्षकांना आपल्या सिनेमांच्या आगाऊ खेळांना बोलावणंच बंद केलं. वाहनतळाच्या बातमीचा राग सिनेमाच्या समीक्षकांवर! इतर वृत्तपत्रं आणि समीक्षक संघटना एकत्र आल्या, पुरस्कारांसाठी डिस्नेच्या सिनेमांचा विचार करणार नाही असं काहींनी जाहीर केलं, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच कंपनीला बंदी उठवावी लागली.

जादा आकारांची खरी भरती त्यानंतर आली. मार्च २०१८ पासून फ्लोरिडात डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात उतरणाऱ्यांकडूनही रात्रीच्या पार्किंगचे पैसे घेतले जाऊ लागले, हॉटेलाच्या दर्जाप्रमाणे १३ ते २४ डॉलर. इतकी वर्षं हे फुकट होतं. विमानतळावरून हॉटेलात नेणारी कंपनीची मोफत बससेवा २०२२ च्या सुरुवातीला संपली. रांग टाळायचा फास्टपास १९९९ पासून मोफत मिळत होता. त्याच्या जागी २०२१ मध्ये जिनी प्लस नावाची विकतची सेवा आली, आणि सर्वांत गर्दीच्या खेळांसाठी तर स्वतंत्र पैसे. म्हणजे ज्या ‘ई’ तिकिटाला १९८२ मध्ये मूठमाती दिली होती, ते चाळीस वर्षांनी मोबाइलच्या पडद्यावर परत उगवलं. फरक इतकाच की दारावरचे पैसे आता वेगळे भरलेले असतात. करोनानंतर ॲनाहाइमचं उद्यान एप्रिल २०२१ मध्ये उघडलं, पण वाहनतळापासून दारापर्यंत नेणारी ट्राम फेब्रुवारी २०२२ पर्यंत बंदच होती. पार्किंगचा आकार तेव्हाही होता, फक्त पुढची वाट लोक पायी तुडवत होते.

बॉब आयगर पुन्हा प्रमुखपदी आल्यावर जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या हॉटेलांमधल्या पार्किंगचा आकार रद्द झाला. किमतींच्या बाबतीत आपण जरा जास्तच रेटलं, असं त्यांनी पुढे गुंतवणूकदारांसमोर कबूलही केलं. उद्यानांच्या वाहनतळांचे दर मात्र खाली आले नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये डिस्नेलँडच्या सर्वाधिक गर्दीच्या दिवसांचं तिकीट २०६ डॉलर झालं.

कायद्याची इथे फारशी मदत होत नाही. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात नियम आहे की जाहिरातीतल्या किमतीत सगळे अनिवार्य आकार धरलेले असले पाहिजेत, शेवटच्या पडद्यावर हळूच चिकटवलेले चालणार नाहीत. पण पार्किंग अनिवार्य कुठे आहे? चालत या, बसने या, कुणाला सोडायला सांगा. कागदावर हे बरोबर. तीन मुलं, बाबागाडी आणि गुडघे दुखणारी आजी घेऊन रिव्हरसाइडसारख्या लांबच्या गावाहून येणाऱ्याला ते सांगून पाहावं.

सगळीकडे हेच चालतं असंही नाही. पेनसिल्व्हेनियातल्या कनोबेल्स या जुन्या घरगुती उद्यानात आजही प्रवेश फुकट, पार्किंग फुकट, आणि पैसे फक्त ज्या पाळण्यात बसाल त्याचे. इंडियानातलं हॉलिडे वर्ल्ड दारावर पैसे घेतं, पण गाडी लावायचे घेत नाही, आणि आत सरबतं, कोला, सनस्क्रीनही मोफत. दोन्ही उद्यानं मोठ्या शहरांपासून लांब आहेत आणि भोवती जमीन मुबलक आहे, हे विसरायला नको. ॲनाहाइममध्ये एक एकर डांबर म्हणजे त्यावर न बांधलेलं हॉटेल.

तिथे वाहनतळाची जागा ठरवणं म्हणजे कुणाच्या दुकानासमोरून गर्दी जाणार हे ठरवणं. डिस्नेने हार्बर बुलेव्हार्डपलीकडे नवा वाहनतळ आणि रस्त्यावरून थेट उद्यानात नेणारा पादचारी पूल आखला, तेव्हा तिथले मोटेलवाले उभे ठाकले : लोक डोक्यावरून गेले तर आमच्या दारात कोण येणार? २०१७ मध्ये कंपनीने तो बेत गुंडाळला आणि जुन्या वाहनतळाला लागूनच ‘पिक्सार पाल्स’ बांधला. २०२४ मध्ये ॲनाहाइमच्या नगर परिषदेने डिस्नेच्या पुढच्या विस्ताराला एकमताने मंजुरी दिली. त्या आराखड्यात पूर्वेकडचा वाहनतळ आणि तो पूल पुन्हा आहेत.